मोठ्या लाईनवर छोटी गाडी

(दहावी १९८७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२६, अमरावती येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू कॉम्प्युटरवाला आहेस, तर पंधरा मिनिटं काहीतरी माहितीपर बोल.’ माझ्याआधी आपल्या डॉक्टर मित्राने गुडघ्यांवर भाषण दिलं. ते सगळ्यांच्या कामाचं होतं. माझा विषय मात्र असा आहे की नाव ऐकूनच निम्मे लोक चहाला उठतील. एका प्रकारच्या कॉम्प्युटरसाठी बनवलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रकारच्या कॉम्प्युटरवर कसा चालवायचा, हा तो विषय. पण बसा बाप्पा. ही गोष्ट आपल्याच वर्गातल्या एकाची आहे.

त्याचं नाव मी घेत नाही. घेतलं तर पुढचं बोलणं मला जमणार नाही, आणि न घेताही तुम्हाला कळलेलंच आहे. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तो गेला. तेव्हा आपल्यापैकी कोणालाच त्याच्या घरी जाता आलं नाही.

तो आणि मी, दोघंही पुढे अकोल्याला स्थिरावलो. मी दुरुस्तीचं दुकान टाकलं, तो शिकवायला लागला. १९९५ साली त्याने एका शिक्षणसंस्थेतल्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेसाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला. फॉक्सप्रो २.६ मध्ये, डॉसवर चालणारा. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाही. मानधन म्हणून संस्थेने त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. पैसे मागायचा त्याचा स्वभाव नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे.

तो प्रोग्राम अठ्ठावीस वर्षं चालला. मध्यंतरी २००४ च्या सुमारास संस्थेने नवीन कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर प्रोग्राम सुरू केला की एकच ओळ यायची आणि सगळं बंद. ती ओळ होती, ‘डिव्हाइड बाय झीरो’. गणिताचे सर इथे बसले आहेत. सर, आठवीत तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की शून्याने भागायचं नाही. आता बघा, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने विकलेल्या फॉक्सप्रोने नेमकं तेच केलं.

झालं असं होतं. सुरू होताना फॉक्सप्रो आपला कॉम्प्युटर किती वेगवान आहे ते मोजायचा. ठरावीक चकरा मारायचा, लागलेला वेळ पाहायचा आणि त्या वेळेने भागायचा. तो लिहिला गेला तेव्हाच्या मशीनवर चकरा मारायला थोडा तरी वेळ लागायचा. नवीन प्रोसेसर इतके जलद निघाले की चकरा संपल्या तरी घड्याळाचा काटा हललेलाच नसायचा. लागलेला वेळ शून्य, आणि शून्याने भागलं की खेळ खलास. फार वेगवान असल्यामुळे नापास, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या वर्गात तर नाहीच.

आपल्या मित्राने सोपा मार्ग काढला. नवीन मशीन चेअरमनच्या टेबलावर पाठवलं आणि जुनं पेंटियम परत मांडलं. त्यानंतर दर दोन वर्षांनी माझ्या दुकानातल्या भंगारातून कधी रॅम, कधी पॉवर सप्लाय घेऊन जायचा आणि म्हणायचा, ‘अजून चालते.’ तो गेल्यावरही ते मशीन दोन वर्षं चाललं. २०२३ च्या उन्हाळ्यात मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आणि ते बंद पडलं. अकोल्याचा मे महिना माणसालाच सोसत नाही.

मग संस्थेने बाजारातून नवीन सॉफ्टवेअर घेतलं. कोणाचं, ते सांगण्यात अर्थ नाही, चूक एकट्या त्या लोकांची नव्हती. त्यांच्या माणसाने जुनी माहिती उचलली, नव्यात भरली, सगळं रंगीत दिसायला लागलं. आणि वर्षभराने निवृत्त झालेले एक शिपाईकाका पासबुक घेऊन ऑफिसात आले. म्हणाले, ‘माह्या ठेवीचं व्याज कमी काऊन झालं?’

त्यांचं पासबुक जुन्या प्रोग्रामने छापलेलं होतं. नव्या सॉफ्टवेअरचा आकडा त्याहून कमी येत होता. रक्कम फार मोठी नव्हती, पण शिपायाच्या निवृत्तीच्या हिशेबात लहान रक्कम असं काही नसतं. संचालक मंडळात दोन तट पडले. एक म्हणे, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, जुन्याच प्रोग्राममध्ये चूक असेल, लिहिणारा काही कंपनी नव्हता. दुसरे गप्प. कारण जाब विचारायचा कोणाला? लिहिणारा तर निघून गेलेला.

हे माझ्या कानावर आलं आणि मला राग आला, हे मी इथे कबूल करतो. शाळेत ज्याच्या वहीतून मी गणितं उतरवली, त्याचं गणित चुकलं असं कोणीतरी अकोल्याच्या मीटिंगमध्ये म्हणत होतं.

आता थोडं तांत्रिक. झोप आली तर शेजाऱ्याला चिमटा काढा.

मी बंद मशीनची हार्डडिस्क काढली, पंधरा मिनिटांत कन्व्हर्टरने दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्क ठणठणीत होती. सभासदांची माहिती डीबीएफ प्रकारच्या फाईलमध्ये होती, आणि ती फाईल आजही लिब्रे ऑफिसमध्ये सरळ उघडते. प्रत्येकाचा हप्ता, तारीख, काढलेली रक्कम, सगळं होतं. व्याज मात्र कुठेच नव्हतं. त्याने व्याजाचा रकानाच ठेवला नव्हता. मग मला त्याचं जुनं वाक्य आठवलं, ‘जे मोजता येते ते साठवायचं नाही.’ पासबुक छापताना त्याचा प्रोग्राम दरवेळी पहिल्या हप्त्यापासून व्याज मोजत यायचा. म्हणजे व्याजाचा नियम कागदावर नव्हता, फाईलमध्येही नव्हता. तो फक्त त्या प्रोग्रामच्या पोटात होता. आणि मूळ मजकूर, ज्याला आम्ही सोर्स म्हणतो, तो डिस्कवर नव्हता. वहिनींनी घरातल्या फ्लॉपींचा डबा दिला. त्यातली एकही वाचता आली नाही, बुरशी चढली होती.

तेव्हा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवून पाहण्याशिवाय इलाज नव्हता. पण चालवायचा कुठे? आजच्या ६४-बिट विंडोजवर डॉसचे १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत. ज्या कंपनीचं डॉस, ज्या कंपनीचं फॉक्सप्रो, त्याच कंपनीच्या आजच्या विंडोजवर तो परका.

यावर तीन उपाय असतात, आणि ते समजायला आपल्या भागातल्या माणसाला पुस्तक लागत नाही. आपण सगळे बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेलेलो आहोत. मूर्तिजापूरला शकुंतलेची अरुंद लाईन यायची, अडीच फुटांची. अचलपूरकडून आणि यवतमाळकडून कापूस यायचा आणि तिथे मुंबईच्या मोठ्या लाईनवर चढायचा. अकोल्यालाही एकाच स्टेशनात मोठी लाईन होती आणि खंडवा-पूर्णेची मीटरगेजही. गाडी उत्तम, इंजिन उत्तम, पण रूळ वेगळे, म्हणून पुढे जाता येत नाही. सॉफ्टवेअरचं अगदी तसंच असतं. विंडोज, लिनक्स, मॅक हे त्यांचे रूळ.

पहिला उपाय हमालांचा. माल उतरवा आणि दुसऱ्या गाडीत भरा. यात गाडी बदलते, माल तोच राहतो. नव्या सॉफ्टवेअरच्या माणसाने हेच केलं होतं. पण आपल्या बाबतीत अर्धा माल गाडीच्या बांधणीतच होता, तो उतरलाच नाही.

दुसरा उपाय म्हणजे डबा तोच ठेवून खालची चाकं बदलायची. रशिया-चीनकडच्या सरहद्दींवर रेल्वे खरोखर असं करते. डबा उचलतात, खालची बोगी काढून दुसऱ्या मापाची बसवतात, प्रवासी आतच बसलेले असतात. कॉम्प्युटरमध्ये हे काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव आहे वाइन. मागच्या रांगेत हालचाल झालेली दिसते. तशी नाही, बाबांनो. ‘वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर’ या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं आहेत ती. १९९३ मध्ये बॉब अॅमस्टॅट याने हे काम सुरू केलं. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड ते सांभाळतो आहे. पहिली पूर्ण आवृत्ती, १.०, निघाली जून २००८ मध्ये. पंधरा वर्षं! आपल्याकडच्या पुलांनाही इतका वेळ सहसा लागत नाही. म्हणजे, कधीकधी लागतो.

वाइन काय करतं? विंडोजचा प्रोग्राम स्वतः फारसं काही करत नाही, तो सतत विंडोजला कामं सांगतो. खिडकी उघड, फाईल वाच, इथे अक्षर काढ. वाइन मध्ये उभं राहून ती मागणी ऐकतं आणि तेच काम लिनक्सकडून करून घेतं. वऱ्हाडातली आजी पुण्याच्या दुकानात गेली आणि ‘मले हे नाही, थे पाह्यजे’ म्हणाली, तर शेजारी उभा नातू दुकानदाराला समजेल असं सांगतो. आजीला वाटतं दुकानदाराला सगळं समजलं. प्रोसेसर दोन्हीकडे तोच, म्हणून वेगही फारसा कमी होत नाही. तुमची नातवंडं आणि धाकटी मुलं स्टीम डेक नावाच्या यंत्रावर विंडोजचे गेम खेळतात ना, त्याच्या आत लिनक्स असतं आणि हाच नातू उभा असतो. तिथे त्याला प्रोटॉन म्हणतात.

पण नातवाला घराच्या तिजोरीची किल्ली माहीत नसते. याच पतसंस्थेत आमसभेच्या नोटिसा टाइप करायचं एक मराठी सॉफ्टवेअर होतं, रीतसर बिल देऊन घेतलेलं, मागे प्रिंटरच्या जागी लावायच्या डोंगलसह. वाइनवर त्याची खिडकी उघडली, मेनू दिसला, मला आनंद झाला आणि लगेच संदेश आला, किल्ली सापडत नाही. डोंगलशी बोलणारा तुकडा विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो, आणि वाइन तिथपर्यंत जात नाही. शिवाय नव्या मशीनला तसलं भोकच नव्हतं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, नवीन घ्या. विकत घेतलेली वस्तू आपलीच आहे हे सिद्ध करायची किल्ली, आणि तीच दाराआड अडकवते. डोंगलवाल्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं, तर माझ्या दुकानाची पहिली दहा वर्षं कसल्या सीडींवर चालली हे इथे न बोललेलं बरं. म्हणजे दोन्हीकडे सारखंच.

तिसरा उपाय सगळ्यात खर्चिक वाटतो. मोठ्या लाईनच्या गाडीवरच छोटे रूळ अंथरायचे आणि त्यावर छोटी गाडी उभी करायची. म्हणजे आजच्या कॉम्प्युटरच्या आत एक पूर्ण जुना कॉम्प्युटर खोटा खोटा तयार करायचा. त्याचा प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड, सगळं सोंग. डॉससाठी हे करणाऱ्या प्रोग्रामचं नाव डॉसबॉक्स. २००२ मध्ये तो पहिल्यांदा आला, जुने गेम खेळता यावेत म्हणून. बनवणाऱ्यांनी पतसंस्थेचा विचार कधी केला नसेल. पण प्रिन्स ऑफ पर्शिया ज्या रुळांवर धावतो, त्यावर शिपाईकाकांचं व्याज का धावू नये?

संस्थेच्या कोपऱ्यात पडलेल्या एका मशीनवर मी लिनक्स मिंट टाकलं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि तुमच्यापैकी कितीतरी जणांचे चांगले कॉम्प्युटर विंडोज ११ ला नालायक ठरले, तसंच तेही ठरणारं होतं. डॉसबॉक्स विंडोजवरही चालतो, लिनक्सच हवं असं नाही. मला फुकट आणि टिकाऊ हवं होतं, एवढंच. फोल्डर जोडलं, प्रोग्रामचं नाव टाइप केलं, एंटर दाबलं.

‘डिव्हाइड बाय झीरो.’

मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. मग लक्षात आलं की इथे वेग आपल्या हातात आहे. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘सायकल्स’ म्हणून एक आकडा असतो. तो खोटा प्रोसेसर किती भराभर काम करेल ते त्यावर ठरतं. माझ्याकडे तो ‘जमेल तितका जलद’वर होता. तो मी खाली आणत आणत दहा हजारावर बांधला, म्हणजे आजच्या मशीनला तीस वर्षं मागे ढकललं. पुन्हा एंटर. काळा पडदा आला, संस्थेचं नाव आलं, आणि खाली लिहून आलं, ‘पासवर्ड’.

पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. जुनं मशीन सकाळी अकाउंटंट सुरू करायच्या आणि त्यांच्या बोटांना तो पाठ होता. पण त्या निवृत्त होऊन मुलाकडे बेंगळुरूला गेल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, ‘सांगता येत नाही हो, कीबोर्ड समोर असला की येतो.’ मग मी प्रोग्रामची फाईलच उघडून आतली अक्षरं वाचली. फॉक्सप्रोच्या बांधलेल्या फाईलमध्येही शब्द बरेचदा उघडे दिसतात. आणि सापडला. तो शब्द म्हणजे आपण आठवी ‘ब’ मध्ये गणिताच्या सरांना ठेवलेलं नाव.

सर, ते मी माईकवर सांगणार नाही.

आत गेल्यावर शिपाईकाकांचा खाते क्रमांक टाकला. दर मार्चची शिल्लक पासबुकाशी लावून पाहिली. पैशासकट जुळली, प्रत्येक वर्षी. मग नियम काय आहे ते शोधायला मी एक खोटा सभासद उघडला आणि वेगवेगळ्या तारखांना हप्ते भरून पाहिले. दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी मी उगाच व्याजदराच्या मागे लागलो होतो. तारखेच्या मागे लागलो तेव्हा उत्तर निघालं. दर महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी किमान शिल्लक असेल, तिच्यावर त्याने व्याज धरलं होतं. जुन्या काळी बँकांचं बचत खात्याचं व्याजही असंच निघायचं. संस्थेचे हप्ते पगारातून कापून सात-आठ तारखेला जमा होत, म्हणजे त्याच महिन्याचं व्याज सभासदाला मिळे. नव्या सॉफ्टवेअरने १ तारखेची शिल्लक धरली होती, म्हणजे प्रत्येक हप्त्याचं एका महिन्याचं व्याज गेलं. एका हप्त्याला काही पैसे, काही रुपये. पण हप्ते होते वर्षानुवर्षांचे, आणि त्यावर पुढे व्याजावर व्याज.

आणि ज्या महिन्यांत पगार उशिरा झाला, हप्ता १० नंतर आला, त्या महिन्यांचं व्याज आपल्या मित्राच्या प्रोग्रामनेही दिलेलं नव्हतं. कोणाचीही बाजू न घेता नियम जसा होता तसा चालवला होता. शिपाईकाकांना मी हे सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘त्या महिन्यांचं मी मागतच नाही. ते आमाले माहीत होतं.’ सभासदांना नियम माहीत होता. लिहून ठेवलेला मात्र कुठेच नव्हता.

पुढच्या मीटिंगला मी लॅपटॉप घेऊन गेलो आणि सगळ्यांसमोर तो प्रोग्राम चालवला. सगळ्या सभासदांचे उतारे छापायचे होते. डॉसबॉक्सला प्रिंटरशी फारसं देणंघेणं नाही, म्हणून त्याची डॉसबॉक्स-एक्स नावाची आवृत्ती घेतली. तिने छपाई फाईलमध्ये उतरवली आणि ती फाईल जुन्या डॉट मॅट्रिक्सला पाठवली. खर्रर्र आवाज सुरू झाल्यावर मीटिंगमधले अर्धे लोक बघायला उठून आले. ज्यांचं व्याज कमी पडलं होतं त्यांना फरक देण्याचा ठराव त्याच दिवशी झाला. ‘लिहिणारा काही कंपनी नव्हता’ असं म्हणालेले गृहस्थ मला चहा पाजायला खाली घेऊन गेले. मी प्यायलो. चहावर राग काढत नाही मी.

संस्थेने मग विचारलं, आता हाच प्रोग्राम पुन्हा रोजच्या कामाला लावायचा का? वहिनी, तुम्हीही मला तेच विचारलं होतं. मी नाही म्हणालो. त्याला जाणणारं कोणी नाही, दोन माणसांनी एका वेळी उघडला तर फाईल बिघडायची भीती, आणि उद्या मी नसलो तर पुन्हा हाच प्रसंग. रोजचं काम नव्यातच करा, फक्त १० तारखेचा नियम त्यात घालून घ्या. तो त्यांनी घालून दिला, एका दुपारचं काम होतं. तुमच्या नवऱ्याचा प्रोग्राम काढून टाकलेला नाही, वहिनी. त्याच मशीनवर आहे, डेस्कटॉपवर त्याचं चित्र आहे, आणि दर मार्चला नव्याचे आकडे त्याच्याशी ताडून बघतात. त्या नियमाचे दोन पानी टिपण मी मराठीत लिहून संस्थेच्या इतिवृत्तात लावलं आहे, खाली त्याचं नाव घालून. तुमची एक प्रत माझ्या पिशवीत आहे.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. या स्मरणिकेसाठी तीन लेख जुन्या मराठी फॉन्टमध्ये आले आणि संपादक मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर त्यांची इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली. त्या फॉन्टमध्ये ‘क’च्या जागी खरं तर एक इंग्रजी अक्षरच बसलेलं असतं, वर मुखवटा मराठी. मी ते युनिकोडमध्ये बदलून दिले आहेत, पण रफार इकडचे तिकडे झाले असतील. लेखकांनी मुद्रितं तपासावीत. आणि ज्यांच्या घरी फ्लॉप्या पडल्या असतील त्यांनी उद्या बारापर्यंत हॉटेलवर आणून द्याव्यात, मी ड्राइव्ह सोबत आणला आहे. बुरशी असेल तर आधी सांगा, एका खराब फ्लॉपीने ड्राइव्ह बाद होतो.

आणि सर, जेवायला मी तुमच्या शेजारी बसतो. तो शब्द तुम्हाला कानात सांगतो. तुम्हाला माहीत असेलच म्हणा.